कळ, ठणका आणि दम : धावणाऱ्या देहाची मराठी

सातारा आणि सांगली ही कृष्णेच्या एकाच खोऱ्यातील दोन शहरे. एक अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउतारांवर वसलेले, दुसरे नदीकाठच्या सपाटीवर पसरलेले. या दोन्ही शहरांच्या पहाटा गेल्या दशक-दीड दशकात पुष्कळ बदलल्या आहेत. साताऱ्यात २०१२ साली यवतेश्वर घाटातील डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. त्यापूर्वी रस्त्यावर धावताना दिसे तो प्रायः भरतीची तयारी करणारा मुलगा किंवा शाळेच्या संघातला खेळाडू. आता बँकेतले अधिकारी, डॉक्टर, दुकानदार, गृहिणी आणि आमच्यासारखे प्राध्यापक अशी चाळिशी-पन्नाशीची मंडळी उजाडायच्या आत रस्त्यावर असतात. सांगलीतही विश्रामबागेपासून कृष्णाकाठापर्यंत हेच दृश्य आहे.

या धावण्याविषयी बोलले आणि लिहिलेही खूप जाते. त्यात अंतर असते, वेळ असते, गळ्यात पदक घातलेले छायाचित्र असते. दुखणे मात्र क्वचित असते, आणि असलेच तर त्यावर मात केल्याची कथा सांगण्यापुरते. आमचे म्हणणे असे आहे की, हौशी धावपटूला मिळणारे सर्वांत मोलाचे शिक्षण म्हणजे स्वतःची दुखणी वेगवेगळ्या नावांनी ओळखता येणे. या शिक्षणाची साधने मराठीत पूर्वापार तयार आहेत. अडचण एवढीच की, ज्या भाषेने ही नावे घडवली त्याच भाषेने दुखणे गिळून टाकण्याचा गौरवही केला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या विषयाकडे वळावे, असे आम्हांला वाटते ते यामुळेच.

प्रथम हौशी आणि पट्टीचा धावपटू यांतला भेद पाहू. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्या पातळीवरच्या खेळाडूमागे प्रशिक्षक असतो, डॉक्टर असतो, स्नायू चोळून देणारा माणूस असतो. गुडघ्यात काही खटकले तर ते ओळखणारा दुसरा कुणी जवळ असतो. हौशी माणसाला हे काम स्वतःच करावे लागते. त्याच्याजवळ स्वतःचा देह आणि त्या देहाविषयी बोलण्याची भाषा, एवढीच सामग्री असते. शिवाय खेळाच्या नोंदवह्या या बाबतीत त्याच्या कामी येत नाहीत. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. त्यांचा एकोणिसावा क्रमांक आणि दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद ही वेळ आज शंभर वर्षांनंतरही सांगता येते. विक्रमांच्या नोंदींत क्रमांक आणि वेळ राहते. टाच, पोटरी आणि तळपाय यांना तिथे रकाना नसतो.

आता प्रत्यक्ष दुखण्यांकडे येऊ. घाटातल्या दौडीचा स्वभाव असा की, अर्धा रस्ता चढायचा आणि तोच उतरून परत यायचे. नवख्याला भीती असते ती चढाची. चढताना छाती धडधडते, दम लागतो, पोटऱ्या ताणतात. पण थांबले की पाच-दहा मिनिटांत हे सारे ओसरते. खरा हिशेब उतार करतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच देहाचा भार पेलत असतात आणि अशा कामात त्यांच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे लगेच जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना, कठडा धरायला लावते. हे ‘लॅक्टिक आम्ला’मुळे होते अशी एक पक्की समजूत धावणाऱ्यांत आहे. ती चुकीची आहे, कारण श्रमाने रक्तात वाढलेले ते द्रव्य तास-दीड तासात निवळलेले असते. या अवस्थेला मराठीत फार नेमका शब्दप्रयोग आहे : पाय भरून येणे. लग्नघरात दिवसभर राबलेली बाई आणि सुगीत वाकून काम केलेला शेतकरी हाच शब्द वापरतो. ‘भरून आलेले’ पाय दोन्ही बाजूंना सारखे जड असतात, दाबले तर बरे वाटते आणि तीन-चार दिवसांत ते आपोआप मोकळे होतात. तोच उतार पुन्हा धावला तर दुसऱ्या खेपेला त्रास कमी होतो, कारण स्नायू तेवढे शिकलेले असतात. या दुखण्याला घाबरायचे कारण नाही.

उताराची आणखी एक खूण म्हणजे काळे पडलेले नख. प्रत्येक पावलागणिक अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो आणि नखाखाली रक्त साकळते. बोटांपुढे थोडी जागा राहील असा बूट आणि घोट्याशी घट्ट बांधलेली नाडी, एवढ्यावर हा त्रास बहुधा टळतो. पावसाळी धुक्यात सुती मोजे आणि सुती बनियन भिजले की घर्षण वाढते. तळव्याला फोड येतात, काख आणि मांड्यांची आतली बाजू सोलवटते, पुरुषांच्या स्तनाग्रांतून रक्त येते. आंघोळीचे पाणी अंगावर पडेपर्यंत यातले बरेचसे कळतही नाही. ही दुखणी किरकोळ आहेत, परंतु संकोचापायी माणसे ती बोलत नाहीत. मग चमचाभर खोबरेल तेलाने किंवा व्हॅसलीनने जे टळले असते ते प्रत्येक नवखा स्वतंत्रपणे सोसतो. स्त्रियांच्या बाबतीत हा संकोच दुप्पट असतो. कोणती अंतर्वस्त्रे धावताना आधार देतात आणि पाळीच्या दिवसांत काय करावे, हे ज्ञान आमच्या गावांत अजून कुजबुजीच्या पातळीवरच आहे.

सांगलीच्या सपाटीचा धडा निराळा. तिथे चढ नाही आणि उतारही नाही. तास-तास एकाच लयीत, एकाच प्रकारे पाऊल पडत राहते. दुखणे मोठ्या स्नायूंत न पसरता एखाद्या ठिकाणी साचते. उत्साहाने आठवड्याचे अंतर एकदम दुप्पट केले की नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेत सुई टोचावी तसे वाटते आणि दहा-वीस पावलांनंतर ते निवळते. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येताच पोटरीत गोळा येतो. खाऊन लगेच धावल्यास बरगडीखाली कळ येते. या कळेचे कारण वैद्यकाला अद्याप एकमताने ठरवता आलेले नाही, पण वेग कमी करून खोल श्वास घेतला की ती बहुधा जाते.

पाण्याविषयीची समजूतही अशीच तपासून घ्यावी लागते. तहान लागण्याची वाट न पाहता पीत राहा, असा उपदेश वर्षानुवर्षे होत आला. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले आणि त्याचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम घसरलेले होते आणि धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. तहानेइतके प्यावे, हे साधे शहाणपण विज्ञानाने फिरून मान्य केले.

या सगळ्यांत एक सूत्र आहे. जे दुखणे पसरट असते, दोन्ही पायांत असते, अंग तापल्यावर कमी होते, त्याच्यासह धावता येते. जे एका बोटाने दाखवता येते, प्रत्येक पावलागणिक वाढते, रात्री पडल्यावरही ठणकते, त्याच्यासाठी थांबावे लागते, डॉक्टर गाठावा लागतो. गंमत अशी की हा भेद मराठीने शब्दांतच करून ठेवला आहे. ‘रग लागणे’, ‘भरून येणे’, ‘शिणवटा’ हे शब्द पहिल्या जातीचे आहेत. ‘ठणका’, ‘चमक’, ‘सल’ हे दुसऱ्या. चमक क्षणात येते आणि जाते, ठणका ठेक्याने चालू राहतो, सल दिसत नाही पण हलत नाही. ‘लचक’ आणि ‘मुरगळ’ यांतला फरक आमच्या आज्या हात लावून सांगत. घामाचेही तसेच. ‘घाम येणे’ हे श्रमाचे लक्षण; छातीत दडपण असताना ‘घाम फुटणे’ हे संकटाचे. धावणाऱ्याने हा क्रियापदाचा भेद जिवाशी बांधून ठेवावा. जिम फिक्स या अमेरिकी लेखकाने १९७७ साली धावण्यावर लिहिलेल्या पुस्तकाने लाखो लोकांना रस्त्यावर आणले. तोच फिक्स १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावतानाच कोसळला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. त्याच्या वडिलांचा मृत्यूही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच झाला होता. धावण्याने त्याचा घात केला असे म्हणता येणार नाही. परंतु धावण्याने सर्व काही भरून निघते हा विश्वास घातक ठरू शकतो, हे त्या मृत्यूने दाखवून दिले.

वेदनेचे आणि भाषेचे नाते साहित्यविचारात नवे नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली लिहिलेल्या आजारपणावरील निबंधात साध्या दुखण्यांसाठी इंग्रजी अपुरी पडते अशी तक्रार केली. एलेन स्कॅरी यांनी १९८५ च्या ‘द बॉडी इन पेन’मध्ये तीव्र वेदना भाषाच नष्ट करते असे मांडले. त्यांच्यापुढे यातनागृहे आणि युद्धे होती. पोटरीतला गोळा नव्हता, हे मान्य. तरीही उलट दिशेचे एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द वीस गटांत लावलेले आहेत. रोग्याने कोणता शब्द निवडला यावरून डॉक्टरला दुखण्याच्या जातीचा अंदाज घेता येतो. म्हणजे वैद्यकाने इथे शब्दकोशाचा आधार घेतला.

मराठीत या कामाला मोठी परंपरा आहे. सज्जनगडाच्या सावलीत राहणाऱ्यांनी तरी हे विसरू नये. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकातील सहाव्या समासात आध्यात्मिक तापाचे निरूपण करताना समर्थ देहाच्या दुखण्यांची लांबलचक यादीच देतात. तिचा हेतू वैराग्याचा आहे, हे खरे. पण त्या निमित्ताने सतराव्या शतकातील बोलीत देहाच्या व्यथांना किती नावे होती याची नोंद झाली. ज्या समर्थांचे अकरा मारुती सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत उभे आहेत, त्यांना बलोपासना आणि दुखण्याची नावे घेणे यांत विरोध दिसला नाही. आमच्या काळाने ही दोन कामे वेगळी केली. बलाची भाषा मैदानाकडे गेली आणि दुखण्याची भाषा दवाखान्याच्या इंग्रजीकडे.

मात्र मराठीचे नुसते कौतुक करून भागणार नाही. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा आमचा लाडका वाक्प्रचार आहे. तो उच्चारताना बोलणाऱ्याच्या स्वरात तक्रार कमी आणि अभिमान अधिक असतो. आईने ताप अंगावर काढला, वडिलांनी गुडघा अंगावर काढला, या गोष्टी घराघरांत सद्गुणांच्या कथा म्हणून सांगितल्या जातात. ‘जरा कळ काढ’ याचा अर्थ तर ‘थोडा धीर धर’ असाच होऊन बसला आहे. वेदना आणि संयम यांचा असा सांधा जुळला की वेदनेची दखल घेणारा आपोआप उतावळा ठरतो.

याहून अधिक नुकसान ‘दम’ या शब्दाने केले आहे. दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धमकही. त्यामुळे ‘तिला दम लागतो’ हे शरीराचे वर्णन ‘तिच्यात दम नाही’ या चारित्र्याच्या निवाड्यात सहज बदलते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर दुसऱ्या फेरीलाच धाप लागणार. त्या मुलीला अधिक सराव कर, मन घट्ट कर असे सांगणे व्यर्थ आहे. तिला रक्ततपासणी, लोह आणि पोटभर जेवण यांची गरज असते. एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे एक साधी तपासणी राहून जाते, याला केवळ शब्दशास्त्रीय कुतूहल म्हणता येत नाही.

इथे आम्ही ज्या धावपटूंचा आरंभी ओझरता उल्लेख केला त्यांच्याकडे वळतो. आमच्या वर्गांत माण, खटाव, जत, आटपाडी अशा तालुक्यांतून आलेली मुले-मुली आहेत. त्यांतली बरीचशी सैन्याच्या किंवा पोलिसांच्या भरतीसाठी धावतात. सातारा जिल्ह्यात ‘मिलिटरी अपशिंगे’ नावाचे गाव आहे. इतकी ही परंपरा या मातीत मुरलेली आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलग्यांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, सैन्याच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर. अंतर लहान, पण तिथे सेकंद मोजले जातात आणि त्या सेकंदांवर घराचे भवितव्य अवलंबून असते. यवतेश्वरला धावणारा प्राध्यापक नडगी दुखली तर पंधरा दिवस सायकल चालवतो. भरतीच्या मुलाला हे पंधरा दिवस परवडत नाहीत. तो दुखणे लपवतो. प्रशिक्षकापासून, घरच्यांपासून आणि शेवटी स्वतःपासूनही.

या लपवण्याची किंमत वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षे आधी, कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन करून ठेवले. पुढे क्ष-किरणांनी दाखवले की त्या पावलांतल्या हाडांना बारीक तडे गेलेले असतात. एका घावाने हे हाड मोडत नाही. पुनःपुन्हा पडणारा भार आणि अपुरी विश्रांती यांनी ते हळूहळू तडकते. नडगीच्या हाडाचेही असेच होते. वेळेवर थांबले तर काही आठवड्यांत ते सांधते. अंगावर काढले तर पूर्ण मोडू शकते आणि भरतीचे वर्ष हातचे जाते. मुलींच्या बाबतीत अपुरे खाणे, पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे ही साखळी एकत्र येते. महिनोन्महिने पाळी न आल्यास ‘बरे झाले, कटकट गेली’ असे मानणारी मुलगी एका गंभीर इशाऱ्याला सुटका समजत असते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. ‘देहाचे ऐका’ हा उपदेश पोट भरलेल्यांचा उपदेश आहे. ज्याला थांबणे परवडत नाही त्याला तो करणे हा निष्ठुरपणा नव्हे काय? अ‍ॅलन सिलिटोच्या १९५९ सालच्या ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ या कथेतला सुधारगृहातील मुलगा शर्यत जिंकण्याच्या बेतात असताना मुद्दाम थांबतो, कारण ती शर्यत अधिकाऱ्यांची आहे हे त्याला उमगलेले असते. आमच्या मुलांना असे थांबण्याची चैन नाही. त्यांची शर्यत खरोखरच त्यांची आहे. म्हणूनच आमचे उत्तर असे की, थांबण्याचा उपदेश नंतर करावा, आधी बोलण्याची सोय करावी. ‘सर, नडगी एकाच जागी ठणकते’ हे वाक्य जो मुलगा पहिल्या आठवड्यात निःसंकोच उच्चारू शकतो त्याचे दहा दिवस जातात. जो उच्चारू शकत नाही त्याचे वर्ष जाते. ज्याला परवडत नाही त्यालाच लवकर बोलण्याची अधिक गरज आहे.

अशी सोय आमच्या संस्कृतीत कधीच नव्हती असेही नाही. ज्ञानेश्वरांची पालखी दर आषाढात नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण या मुक्कामांवरून पुढे जाते. तिथे वारकरी पाय पुढे करून बसतात. कुणी तेल चोळते, कुणी फोडांवर मलम लावते. फोड आला म्हणून वारकऱ्याची भक्ती उणी ठरत नाही आणि तो दाखवायला तो लाजत नाही. निष्ठा आणि दुखण्याची कबुली एकत्र नांदू शकतात, याचा हा दरवर्षीचा पुरावा आहे. मैदानावर तो वातावरणधर्म आणता येणार नाही असे मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

मराठी विभागांनी यात काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी सहज शक्य आहेत. बोलीभाषेच्या प्रकल्पांत म्हणी आणि उखाणे यांबरोबर दुखण्याचे शब्दही तालुकावार गोळा व्हावेत. माणदेशातली आजी आणि कृष्णाकाठची आजी यांचे शब्द ताडून पाहावेत. निबंधलेखनाच्या तासाला धावणाऱ्या मुलांकडून पंधरा दिवसांची देहाची रोजनिशी लिहून घ्यावी. तिच्यात ‘खूप दुखले’ हे वाक्य चालणार नाही. कुठे, कसे, केव्हा आणि कशाने कमी झाले, एवढे आलेच पाहिजे. वर्णनपर गद्याचा याहून कठोर सराव आम्हांला सुचत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे हे शब्द मैदानावर नेणे. स्पर्धेच्या वाटेवर सूचना लिहिताना ‘हायड्रेशन’ आणि ‘इंज्युरी’ यांच्या जोडीला ‘छातीत दडपण येऊन घाम फुटला तर तिथेच थांबा’ हे सरळ मराठी वाक्य लिहावे. ते वाचायला कुणाला कोश लागणार नाही.

मराठी साहित्यात भूक आहे, श्रम आहे, मृत्यूही विपुल आहे. श्रमणाऱ्या देहाची रोजची, किरकोळ, नाव घेण्याजोगी व्यथा मात्र त्या मानाने कमी आहे. ती मोठी नसल्यामुळे तिला साहित्यमूल्य नाही असे आपण समजत आलो. परंतु माणसाचे स्वतःच्या देहाशी असलेले नाते याच किरकोळ व्यथांतून घडते. पहाटेच्या रस्त्यावर धावणाऱ्या विद्यार्थ्याला ठणका आणि रग यांतला भेद शब्दांत सांगता आला, तर त्याच्या हाडाचे रक्षण होईल आणि भाषेच्या शिक्षकाचेही काही सार्थक झाले असे म्हणता येईल.